बशांचा आवाज

लूशस गॅडीने आयुष्यभर एकच परीक्षा मानली. रेकॉर्ड तयार झाली की बाजारात जाण्याआधी ती रविवारी दुपारी अर्नेटाबाईंच्या क्लबात लावायची. चर्च सुटलेलं असे, माणसं तळलेली मासळी आणि मक्याचा पाव घेऊन बसलेली असत. लूशस आपल्या ऑर्गनपाशी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसे. पाठीमागे जेवणाऱ्यांचे काटे-चमचे बशांवर वाजत राहिले तर गाणं कच्चं. घरी जाऊन सगळं उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. वाजायचे थांबले तर पक्कं. पश्चिम फिलाडेल्फियातल्या कितीतरी वादकांच्या रेकॉर्डी त्याने बनवल्या आणि अशाच पास केल्या होत्या.

गेल्या वर्षात मात्र काहीतरी बिनसलं होतं. काटे दर वेळी थांबत होते आणि काम आटत चाललं होतं. निघालेल्या रेकॉर्डी रेडिओवाले एकदा लावत आणि विसरत. एके काळी त्याच्या तळघरातल्या स्टुडिओबाहेर ताटकळणारी माणसं आता रस्त्यात भेटली की घड्याळ बघत. उरली होती डेल्फीन मेब्री. रुग्णालयात फरशा पुसणारी, पन्नाशीला टेकलेली, आणि गळा असा की चर्चमध्ये ती गायला उठली की रडणारी पोरं गप्प होत. तिची ही पहिलीच रेकॉर्ड. "ही फसली तर मी संपलो," असं लूशस रोज सकाळी बायकोच्या फोटोला सांगे.

"बटण दाब की, म्हाताऱ्या," अर्नेटाबाई गल्ल्यावरून म्हणाल्या. "मासळी गार होतेय."

"तुझी मासळी गरम कधी होती?"

लोक हसले. लूशसने बटण दाबलं आणि भिंतीकडे वळला.

डेल्फीनचा आवाज खोलीत पसरला. दुसऱ्या कडव्यापर्यंत लूशस श्वास रोखून होता. मागे काहीच वाजत नव्हतं. एक काटा नाही, एक बशी नाही. त्याला हायसं वाटलं. न राहवून त्याने मागे वळून पाहिलं.

सगळे जेवत होते.

काटे खाली येत होते, बशांवर घासत होते, वर जात होते. पुढच्या टेबलावरच्या हॅटीबाई तर बशी खरवडत होत्या. त्यांनी ऐकण्यासाठी लावलेलं कानातलं यंत्र काढून पावाशेजारी ठेवलं होतं.

लूशसने गाणं बंद केलं. ड्रमवर ओडेल बसला होता. दोघांनी एकत्र तारुण्य काढलं होतं आणि म्हातारपणही.

"ओडेल, बशा वाजत होत्या का?"

ओडेलने काठ्या मांडीवर ठेवल्या. "वाजत होत्या."

"कधीपासून?"

"थांबल्याच नाहीत."

लूशस पुन्हा भिंतीकडे वळला. "झांज वाजव. मोठी."

तो वाट बघत राहिला. "वाजव ना."

"केव्हाची वाजवतोय, लूशस."

"आणि मी तुला वर्षभर म्हणतोय, तुझी झांज मेली."

"दोनदा बदलली मी. झांज ठणठणीत आहे."

लूशसच्या डोक्यात एकेक उलगडत गेलं. बारीक, वरचे आवाज त्याला कमी वाटत, म्हणून रेकॉर्डींत तो ते चढवत गेला होता. ऐकू येईपर्यंत चढवत गेला होता. "माझ्या त्या रेकॉर्डी कशा वाटायच्या रे?"

"कानात सुया टोचल्यागत."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर त्याच दिवशी तू ऑर्गनवर कापड टाकलं असतंस," ओडेल म्हणाला. "मग मी कुणाच्या साथीला वाजवायचं? सुनेच्या टीव्हीच्या?"

लूशसला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण हात उचलेना.

तेवढ्यात दार उघडून डेल्फीन आत आली. चर्चमधला गायकांचा झगा हातावर घडी केलेला होता. "थांबले का काटे?" तिने दारातूनच विचारलं.

"थांबले की गं," अर्नेटाबाई घाईने म्हणाल्या. "ये, बस. वाढते तुला."

डेल्फीनचा चेहरा उजळला. लूशसला वाटलं, राहू दे. आजचा दिवस तरी राहू दे. मग ही रेकॉर्ड रेडिओवर एकदा वाजून कायमची गप्प झालेली त्याला दिसली.

"नाही थांबले," तो म्हणाला.

"मग पुन्हा करू, काका. मला काय घाई आहे?"

"माझ्याकडून होणार नाही, पोरी. मला ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणाकडे जा."

ती झग्याची घडी बोटांनी सारखी करत राहिली. "दुसऱ्यांनी मला दारात उभं केलं नव्हतं, म्हणून तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "आत्ता सांगताय?"

ती कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. अर्नेटाबाईंनी बशी आणून ठेवली. तिने ती बघितलीही नाही.

दर रविवारची दोघांची वाजवायची वेळ झाली. लूशसने ऑर्गन फिरवायला सांगितला. चौघांनी ते धूड रेटत रेटत लोकांकडे वळवलं. मग ओडेलने येऊन ऑर्गनचे वरचे स्वर चढवणारे, बाहेर ओढलेले दांडे एकेक करून आत ढकलले.

लूशसने एक सूर दाबून पाहिला. त्याला तो गोधडीखालून आल्यासारखा वाटला. "हे बरोबर आहे?"

"हेच बरोबर आहे."

"मला तर चिखल ऐकू येतोय."

"मग चिखल वाजव. मी आहे."

त्याने सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा तो डोळे उघडे ठेवून वाजवत होता. बोटांना वाटा पाठ होत्या, पण त्या कुठे जातात ते कळत नव्हतं. हॅटीबाईंचा काटा हवेत थांबला. लूशसचं काळीजही थांबलं. मग त्यांनी हात लांबवून तिखटाची बाटली घेतली.

तो कोपऱ्यात बघू लागला. डेल्फीन मान खाली घालून बसली होती. तिचा काटा बशीशेजारी ठेवला होता तसाच पडून होता. ती ऐकतेय की नुसती रागावलीय, हे त्यावरून कळण्यासारखं नव्हतं. तरी लूशस त्या काट्याकडेच बघत वाजवत राहिला.