किक ड्रमपुढचा दुसरा माइक

थोरली बहीण रेकॉर्डिस्ट, धाकटी गाणारी आणि धाकटीचा नवरा ड्रमर. त्या दुपारी स्टुडिओत तिघंच होती.

पायाने वाजवायच्या मोठ्या किक ड्रमचा आवाज काही केल्या बसत नव्हता. थोरलीने दणकट माइक ड्रमच्या पुढच्या भोकातून आत सरकवला. आधी पेडलने ड्रमवर आपटणाऱ्या बीटरच्या तोंडाशी, मग वीतभर मागे. ठोका टणक यायचा, पण पोटातला घुमारा सापडेना. प्रत्येक वेळी मेहुणा पेडल आधीपेक्षा जोरात हाणायचा. एकदा तर तिचं डोकं भोकाशी असतानाच हाणलं. तिच्या कानांना दडे बसले. चुकून पाय पडला, म्हणाला. त्याचा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते पोटात घातलं होतं.

मग तिने दुसरा माइक काढला. हा नाजूक; भोकाबाहेर हातभर अंतरावर ठेवला की खालचा घुमारा पकडतो, आणि खोलीतली कुजबुजही. लोखंडी स्टँडवर तो बसवून ती काचेपलीकडे गेली, हेडफोन लावले, रेकॉर्डिंग सुरू केलं. काचेतून ड्रमभोवतीचे जाड आडोसे तेवढे दिसत होते; ती दोघं त्यांच्या आड होती.

ठोका आलाच नाही. मेहुण्याचा दबका आवाज आला. ठेका पळतोय, असं धाकटीने मघाशी सांगितलं होतं, ते त्याला झोंबलं होतं.

"बहिणीसमोर माझी अक्कल काढतेस?"

मग फटका. मग काहीतरी फरशीवर आपटलं. धाकटी ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "तोंडावर नको. उद्या गायचंय."

रोजच्या सवयीने म्हणावं तसं म्हणाली. थोरली हेडफोन फेकून धावली.

आडोशामागे त्याने धाकटीचे केस मुठीत धरून तिचं डोकं ड्रमच्या कडेवर दाबलं होतं. थोरलीने त्याची मान मागे ओढली. त्याने उलट्या हाताने ड्रमची काठी तिच्या तोंडावर मारली. दोन दात तुटले. तोंडात रक्त भरलं. हाताला स्टँड लागला. तो उलटा धरून तिने लोखंडी बूड त्याच्या नडगीवर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो कोसळला. तिने पुन्हा मारलं, गुडघ्यावर. तिसऱ्यांदा डोक्यावर उगारलं तेव्हा धाकटीने तिचं मनगट धरलं.

"ताई, बास. मरेल तो."

तो फरशीवर गुरासारखा ओरडत होता. काचेपलीकडे रेकॉर्डिंग चालूच होतं.

ते पुसून टाक, असं धाकटी विनवत राहिली. तू पण अडकशील. आपले फटके तेवढे कापणं थोरलीच्या डाव्या हातचा मळ होता. तिने काही कापलं नाही, पोलिसांना सगळं जसंच्या तसं दिलं. ते पाहून धाकटी खुर्चीत बसली आणि चार वर्षांचं सांगू लागली. जबाब लिहिणाऱ्या बाईंनी दोनदा पेन खाली ठेवलं.

त्याला तुरुंगवास झाला. थोरलीवरही खटला चालला. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. धाकटी आता तिच्याकडेच राहते. पहिला फटका मारावाच लागला, असं थोरली कुणालाही सांगते. दुसऱ्याबद्दल विचारलं की विषय बदलते. एकदाच, भांडी विसळताना, ती धाकटीला म्हणाली, "तो दुसरा फटका मारताना मला बरं वाटलं होतं गं."

धाकटीने तिच्या हातातलं ताट घेतलं आणि पुसायला लागली.