थोरलीची वही

मी एक वही बोलतेय. दुकानातली नव्हे बरं का! पोटुशी बाई कचेरीत नाव नोंदवायला गेली की तिला आई-बाळाची म्हणून जी वही देतात, ती मी. पोटातल्या ठोक्यापासून शाळेत जाईपर्यंतचं सगळं आमच्यात लिहायचं. वजन, लशी, पहिला दात.

माझ्या वाट्याला चिनात्सु आली. तोत्तोरीकडच्या एका समुद्रकाठच्या गावातली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. बाई मोठी हौशी! 'आईचे मनोगत' म्हणून छापलेल्या चार ओळी तिला पुरायच्या नाहीत, समासातही लिहायची. "आज हिला उचकी लागली. बापावर गेलीय, खादाड." तिचा नवरा कोहेई वाचून म्हणायचा, "अगं, जन्माच्या आधीच बदनामी?"

सदतिसाव्या आठवड्यात ठोका सापडला नाही. डॉक्टरांनी यंत्र पोटावरून पुन्हा पुन्हा फिरवलं आणि मग खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी चिनात्सु बाळंत झाली. कळा तितक्याच येतात हो, त्यांना काय ठाऊक! सुईणीने मला उघडून हळूच विचारलं, "लिहू ना?"

"लिहा. सगळं लिहा," चिनात्सु म्हणाली.

दोन हजार चारशे साठ ग्रॅम. सत्तेचाळीस सेंटिमीटर. जावळ दाट. त्यापुढची माझी सगळी पानं कोरी राहिली.

ती घरी आली तेव्हा पाळणा जागेवर नव्हता. सासऱ्यांनी, तोकुजींनी, तो आदल्या दिवशीच माळ्यावर टाकला होता. जन्मभर होडीवर माकूल धरलेला माणूस, बोलणं मोजकंच. बाळाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. शेजारणींना मात्र तोंड आवरत नव्हतं. "तरुण आहेस, होईल दुसरं." जशी काही बशीच फुटली होती! दूध यायला लागलं तेव्हा चिनात्सु न्हाणीघरात नळ सोडून रडायची. तिला एवढंच हवं होतं, की घरातल्या कुणीतरी म्हणावं, आपल्याला एक मुलगी झाली होती. मी म्हणत होते, घसा फोडून म्हणत होते. पण वहीचं कोण ऐकतं?

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. कचेरीतल्या बाईने नवी वही देताना हसून विचारलं, "पहिलीच खेप ना?"

"हो," चिनात्सु म्हणाली.

मला फार लागलं ते. पण बाहेर सायकलपाशी येऊन तिने मला पिशवीतून काढून छातीशी धरलं आणि "चुकलं गं माझं, चुकलं" म्हणत रडत राहिली. मग राग तरी कसला धरायचा? नवीला तिने माझ्याच कापडी पिशवीत ठेवलं. दर तपासणीला आम्ही दोघी जायचो. नवीत तिने मनोगताची एक ओळ लिहिली नाही. हिंमतच होत नव्हती. ठोका ऐकू येईपर्यंत ती श्वास रोखून बसायची, आणि पिशवीत मीही.

माहो जन्मली ती बोंबलतच. काय तो आवाज! चिनात्सु हसता हसता हुंदके द्यायला लागली. "तुझ्या ताईने एकदा तरी असं रडायला हवं होतं गं," एवढंच म्हणाली.

सातव्या दिवशी बाळाचं नाव ब्रशने कागदावर लिहून भिंतीला लावतात. नावाशेजारी ती कितवी मुलगी तेही लिहितात. त्या दिवशी लाल भात शिजला, अख्खा मासा भाजला. लिहिण्याचा मान आजोबांचा. 'माहो' लिहून झालं तसा कोहेई म्हणाला, "बाबा, पुढे 'थोरली मुलगी' लिहा. कचेरीत तसंच नोंदवलंय. जिवंत जन्मलेलीच धरतात ते." चिनात्सुने मान खाली घातली.

तोकुजींनी लिहिलं, 'दुसरी मुलगी'.

"बाबा, अहो, चुकलात!"

"कचेरीचं कचेरीपाशी. मला काय मोजता येत नाही?" म्हातारा खेकसला. मग सुनेकडे न बघताच म्हणाला, "पाळणा माझ्याच्याने बघवेना, म्हणून वर टाकला. तुला विचारायला हवं होतं, पोरी. तोंडच उघडेना माझं."

चिनात्सुच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कोहेईही तोंड फिरवून बसला. तोकुजींनी आणखी एक कोरा कागद पुढ्यात ओढला, ब्रश शाईत बुडवला.

"थोरलीचा कागद राहिलाय. काय नाव ठेवलं होतंस?"

तिने हाताने डोळे पुसले. मग म्हणाली, "शिओरी."

कोहेईने चमकून वर पाहिलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिने माझ्यातही कधी लिहिलं नव्हतं. जिची वही म्हणून मी तीन वर्षं जगले, तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता मी खणात असते. पानं पिवळी पडलीत, समासातली शाई फिकी झालीय. माझं काही मागणं नाही. पण तुमच्या ओळखीत अशी कुणी आई असेल, तर तिला दुसऱ्या बाळाच्या गोष्टी सांगू नका. जवळ बसा आणि पहिल्याचं नाव विचारा. तिने ते ठेवलेलं असतं.