त्र्याण्णवचं पेट्रोल

मी बेल्याचा, माहं सासरही गावातच. पोळ्याच्या दिवशी भैंसा गावचा माहा साडू बाबाराव मुंबईहून घेतलेली जुनी परदेशी टर्बो गाडी घेऊन आला, अन् बरोबर बैलांच्या तोरणाखालीच तिचं पेट्रोल सरलं.

"माह्या राजदूत फटफटीतलं काढून टाका," मी म्हटलं.

"ते सत्त्याऐंशीचं," तो हसला. "टर्बोले त्र्याण्णव ऑक्टेनचंच लागते. साधं टाकलं तर इंजिन ठोकते, पिस्टन जाते. उद्या नागपूरहून डबा येते."

गाडीचंही तोंड मालकासारखंच, घरचं गोड लागत नाही. तरी सासूबाईनं तिला ओवाळलं. माह्या राजदूतला आजवर कोणी कुंकवाचं बोट लावलं नाही.

बैलांची मिरवणूक अडली. सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमचे बैल जुंपा अन् गाडी घरी न्या."

"आज पोळा हाये," मी ठसक्यात सांगितलं. "आज बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत."

"हे खरं," सासरे म्हणाले. "मंग तुमीच लावा हात."

बाबाराव स्टेअरिंगवर बसला, मी मागून ढकलू लागलो. झुली पांघरलेले माहे बैल उभ्यानं पाहत होते. मागच्या सीटवरून माही बायको मनकर्णा म्हणाली, "जरा हळू ढकला, धक्के बसून राह्यले."