नुसतं ‘हं’

“ही मी? हिला तर मिशा आहेत!” सासूबाई टीव्हीकडे बोट दाखवत ओरडल्या आणि अख्खा हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती थोरली जाऊ.

हसणारच ना! आजचा सगळा थाट तिचाच होता. अग्निशमन जवानांवरच्या ‘हाकेला धावले’ या मालिकेत आज आपल्या घरची गोष्ट दाखवणार म्हणून तिनं अख्ख्या मजल्याला आमंत्रण दिलं होतं. शेजारून खुर्च्या आणल्या, मोठं पातेलं भरून चहा ठेवला, केस धुऊन नवा ड्रेस घातला. मांडीवर भोपळ्या. भोपळ्या म्हणजे धाकटीचा मुलगा, दोन वर्षांचा, नावाप्रमाणेच गोल. थोरलीला मूलबाळ नाही, पण तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, कारण भोपळ्या दिवसभर “मोठीआई, मोठीआई” करत तिच्याच मागे असायचा.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढे खुर्ची रिकामी असूनही ती बसली नव्हती. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे.

त्या दुपारी झालं होतं असं. पुरुष कामावर, सासूबाई गोळी घेऊन गाढ झोपलेल्या, थोरली भांडी घासत होती. धाकटीनं भोपळ्याला टबात बसवलं, नळ सोडला, आणि तिचा फोन वाजला. मैत्रीण. जुनी, बडबडी, हसवून हसवून पोट दुखवणारी. आत्ता येते म्हणत धाकटी गॅलरीत गेली आणि आवाज नको म्हणून दारही ओढून घेतलं. बाथरूमच्या दाराला खाली एक कडी होती. भोपळ्याला ती नुकतीच सापडली होती. तो टबातून उतरला, त्यानं कडी लावली, शहाण्यासारखा परत टबात जाऊन बसला आणि टबाचं बूच पायाखाली घट्ट बसवून टाकलं.

रडणं ऐकलं ते थोरलीनं. दार उघडेना. तिनं अग्निशमनला फोन केला, स्टुलावर चढली, बाथरूमच्या छोट्या खिडकीची काचपट्टी उपटून काढली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. “टाळी दे रे भोपळ्या, मोठीआईला टाळी दे!” टाळी द्यायला त्याला उभं राहावं लागायचं. बसला असता तर पाणी नाकाच्या वर गेलं असतं. जवानांनी दार तोडेपर्यंत तो टाळ्या देत उभा होता आणि तुटक्या काचेनं थोरलीचा दंड उसवत होता. धाकटी गॅलरीतून आली ती दार तुटल्याचा आवाज ऐकून.

आणि संध्याकाळी सगळे जमल्यावर थोरली काय म्हणाली? “गडबडीत मला जरा लागलं. आमच्या दोघींचं लक्ष चुकलं.” दोघींचं! दंडाला टाके पडलेली बाई हे म्हणाली, आणि धाकटीनं ते मुकाट्यानं पदरात पाडून घेतलं.

मग मालिकेची लेखिका आली. गोड पोरगी, मान डोलावत ऐकणारी. थोरली तेव्हा टाके काढायला दवाखान्यात गेली होती.

“त्या वेळी घरात कोण होतं?”

“वहिनी होत्या.” खरंच होत्या की!

“आणि तुम्ही गॅलरीत? कपडे वाळत घालत असाल.”

“हं,” धाकटी म्हणाली.

“म्हणजे बाळ वहिनींवर सोपवलेलं.”

“हं.”

“आणि जवान सांगत होते ते खिडकीतून हात घालणं, टाळी... बाई गं, आईच करू जाणे!”

धाकटीनं तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण बाहेर काय पडलं? नुसतं ‘हं’. आपल्या भाषेत हा ‘हं’ फार सोयीचा. हो म्हटल्याचं पाप नाही, नाही म्हणायचे कष्ट नाहीत. ऐकतेय, एवढंच म्हणाले हो मी, असं नंतर स्वतःला सांगता येतं. धाकटी महिनाभर तेच सांगत होती.

टीव्हीवर आता दुपार झाली होती. गॅलरीत एक गोरीपान आई घाम पुसत चादरी वाळत घालत होती. आणि आत सोफ्यावर तंगड्या पसरून, नखं रंगवत, फोनवर खिदळत बसली होती ती जाऊ. मागे बाथरूमचं दार बंद झालं. तिनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा फोन कानाला लावला.

हॉलमधलं हसणं विझलं. चहाचे कप हातातच राहिले. पडद्यावरच्या आईनं काच फोडली, हात आत घातला, “टाळी दे, सोन्या!” म्हणत हंबरडा फोडला. तेवढ्यात थोरलीच्या मांडीवरचा भोपळ्या उठला आणि “टाळी!” म्हणत त्यानं तिच्यापुढे हात केला. थोरलीनं टाळी दिली नाही. तिनं ड्रेसची बाही दंडावर खाली ओढली.

कार्यक्रम संपला. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई घसा खाकरून म्हणाली, “होतं हो. आपलं पोटचं नसलं की लक्ष राहत नाही.”

धाकटीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण जमीन कशाला फाटतेय! बोलायचं तिलाच होतं.

“फोनवर मी होते,” ती म्हणाली. “वहिनी नव्हत्या. मी त्याला टबात टाकून गॅलरीत खिदळत होते. हात घालणाऱ्या वहिनी. मालिकेत सगळं उलटं दाखवलंय, आणि तेही माझ्यामुळे.”

 मग सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “बघा गं बाई! जावेची लाज राखायला स्वतःवर घेतेय.”

“नाही, आई, खरंच...”

“पुरे. कळतं आम्हाला.” शिंपीणबाई उठून तिच्या गालावरून हात फिरवायला लागली. “अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं.” आणि बोलता बोलता तिनं थोरलीकडे असं बघितलं, की थोरली मुकाट्यानं कप गोळा करायला उठली.

धाकटी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात धावली. “वहिनी, दंड दाखवा ना त्यांना! टाक्यांचे व्रण दाखवा!”

“कशाला? पळत सुटले तेव्हा दारात लागलं, असं म्हणतील.” थोरलीनं नळ सोडला. “त्या दिवशी मी कुणाला काही बोलले का गं?”

“नाही.”

“मग त्या लेखिकेला सांगण्याआधी मला एकदा विचारायचंस तरी.” ती कप विसळत राहिली. मान वर न करता म्हणाली, “आणि आता बस कर. आधी टीव्हीवर मोठी झालीस, आता बाहेर हॉलमध्ये झालीस. आणखी किती मोठी होशील?”

धाकटी रडली. थोरली रडली नाही. तिनं कप पुसून जागेवर लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीनं भोपळ्याला टबात बसवलं. साबण संपला होता. एरवी तिनं नुसती हाक मारली असती आणि थोरली ओल्या हातांनी धावत आली असती. आजही तिनं हाक मारली. “वहिनी, बघता का जरा याच्याकडे? साबण आणते.”

थोरली आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. तिच्या हातात नवा साबण होता. तो तिनं लांबूनच पुढे केला. “तू नको जाऊस. तू इथे असलीस की मी थांबते.”

“वहिनी, असं काय...”

“मोठीआई, टाळी!” भोपळ्या टबात उभा राहिला. दोन्ही हात वर, पाय घसरतायत, तोंडभर हसू.

थोरलीचा हात अर्धा उचलला गेला आणि तिथेच थबकला. तिनं धाकटीकडे पाहिलं.

“आधी तू त्याला धर,” ती म्हणाली. “घट्ट धर. मग देते.”

धाकटीनं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

“धरलंस ना?”

धाकटीला पुष्कळ काही बोलायचं होतं.

“हं,” ती म्हणाली.