थंडीची अर्धी

भट्टीसमोर दोघं लागतात. एक चिमट्यावर, एक मागच्या पेटीवर विसाव्याला. लाल सळई रोलमधून बाहेर येते, चिमट्यावरचा ती धरून पुढच्या रोलात घालतो. थोड्या वेळानं बदली. जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या मिलमध्ये हीच रीत.

विसाव्याचा माणूस सिगारेट पेटवायचा, अर्धी ओढायचा. चिमट्यावर जाताना उरलेली अर्धी डाव्या हातानं मागं धरायची. वळून बघायचं नाही, कारण डोळे सळईवर. चिमट्यावरून सुटणारा ती घ्यायचा.

मच्छिंद्र आणि मी. सिगारेट पुदिन्याच्या वासाची. आम्ही तिला थंडी म्हणायचो.

"तंबाखू?" मच्छिंद्र म्हणायचा. "शेळीवानी चघळत कोण बसंल? आपल्याला थंडीच पायजे, साहेबराव. बिलकुल थंडीच."

*

वाटूरहून पाळीला येताना कामगारांचा टेम्पो उलटला. बाकीचे खरचटले. मच्छिंद्र

*

त्याच्या जागी रखमाजी आला. पहिल्याच बदलीला सवयीनं मी अर्धी मागं धरली. बोटांतून ती अलगद घेतली गेली.

पुढच्या विसाव्याला मी विचारलं, "थंडी आवडली का रं?"

"मी ओढतो? ही माळ काय शोभेला घातली का, मामा? तुमी रिकामा हात मागं केल्ता."

मी खाली शोधलं. थोटूक नव्हतं. राखही नव्हती. पुढच्या प्रत्येक बदलीलाही अर्धी तशीच घेतली जायची.

*

खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "धूर बंद. नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे."

दवाखान्याच्या पायरीवरच प्रभावती, माझी बायको, सुरू झाली. "ऐकलं ना? का मी भट्टीवर येऊन हिसकू?"

"तू मिश्री घासती, ते चालतं का?"

"माझ्या मिश्रीला धूर न्हाई."

"मंग दे चिमूटभर."

"घ्या! आता बायकांत बसा दात घासत."

मला सुटायचं होतं. हिवाळा बघायचा होता. आणि ज्या हाताला अर्धी दिली जात होती, तो हातही सुटला तर बरंच होतं.

*

मिश्री. हिरड्या जळाल्या, घसा कोरडाच.

बिडी. तिलाही धूर, तरी ओढून पाहिली. विझली. पण बिडी विझतेच, म्हणून तिचं काही सांगत नाही.

तंबाखू. चुना लावून मळली. तीही एकट्यानं खायची नसते, म्हणून तळहात मागं केला.

फुंकर आली. गार. पुदिन्याची.

सगळी तंबाखू रखमाजीच्या डोळ्यांत. "काय करून राह्यले, मामा! आंधळा करता का?"

खरं तर मलाही ती नकोच होती. तल्लफ तंबाखूची नव्हती. घशाला थंडी पाहिजे होती. मला, की

*

डॉक्टरांनी चघळायच्या वड्या दिल्या. त्यात सिगारेटचाच अंमल, धूर नाही. "पुदिन्याच्याही मिळतात," म्हणाले.

"घ्या तुमची थंडी," प्रभावती हसली.

पहिली वडी दातांखाली धरली आणि घशातून ती ओळखीची झुळूक उतरली. तल्लफ बसली. भट्टीपुढं डावा हात मागं जाईना. धरायला होतंच काय? तोंडातली अर्धी वडी कशी द्यायची?

मागं कुणी घेणारं राहिलं नाही. खोकला उतरला. भोंगा झाला की फाटकापर्यंत न थांबता चालत जाऊ लागलो.

मग एकदा विसाव्याला बसलो. वडीची चव गेली होती. ती कागदात थुंकली, कागद खिशात घातला.

"आता काय चघळून राह्यले?" रखमाजीनं चिमट्यावरून विचारलं.

काही न्हाई, असं म्हणणार होतो. जबडा थांबेना. हातानं दाबून धरला. हाताखाली तो चालतच राहिला, निवांत, पेटीवर बसून अर्धी ओढणाऱ्यासारखा. रिकाम्या तोंडात गारवा वाढत गेला.

मी वळून बघितलं नाही. मागं कुणी नसणारच होतं.

चिमट्यावर जायची माझी पाळी आली तेव्हा जबडा थांबला.

*

संध्याकाळी प्रभावतीनं ताट वाढलं. माझ्या छातीला कान लावला.

"अहो, छाती वाजत न्हाई की आज! सुटले बगा तुमी."

भाकरी अजून हातातच होती, तोंड रिकामं. जबडा चालत होता.

मला हो म्हणायचं होतं. पण मच्छिंद्रचा विसावा चालूच होता. अजून बदली झाली नव्हती.