डाव्या वळणाची गाडी

जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला भुजंग मास्तरचं गॅरेज होतं, आणि गॅरेजपेक्षा मास्तरचा तोरा मोठा होता. गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच हा चहाचा कप हातात ठेवून सांगायचा, "रिंगा गेल्यात. वरून कुण्या शहाण्यानं कार्बोरेटरला हात लावलाय." खोलल्यावर निघायचंही तसंच, नाहीतर लोकांनी कशाला ऐकून घेतलं असतं त्याचं? कडूबानं तेवढं ऐकून घेतलं नाही. सात वर्षं तो मास्तरच्या हाताखाली होता. एक दिवस चारचौघांत मास्तर त्याला म्हणाला, "तुला पाना धरायची अक्कल न्हाई," आणि कडूबानं त्याच रस्त्याला चार दुकानं सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. बियाण्याचे दुकानदार अप्पाराव एक दिवस नवीनच खूळ डोक्यात घेऊन मास्तरच्या गॅरेजवर आले. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत यंदा पहिल्यांदाच मोटारसायकलींची मातीतली रेस होणार होती. जिंकणाऱ्या गाडीच्या टाकीवर अप्पारावांना आपल्या दुकानाचं नाव पाहिजे होतं, आणि वर बसायला मास्तरचा भाचा वसंता पाहिजे होता. वसंता धावडं गावचा, मास्तरच्या बहिणीचा, द्वारकाबाईचा एकुलता एक. औरंगाबादला साध्या गाडीवर दोन रेसा मारून आलेला.

"बाकीचे सगळे रस्त्यावरच्या गाड्या घेऊन येतील," अप्पाराव म्हणाले. "आपण रेसचीच घेऊ. दोन बघून ठेवल्यात. तुम्ही बोट ठेवाल ती. पण बराबर बघा, घेतल्यावर परत करता यायची न्हाई."

दोन्ही गाड्या ट्रायलला जालन्यात आल्या तेव्हा गॅरेजपुढं ही गर्दी. असल्या गाड्या कुणी बघितल्या होत्या? दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरची पाटी नाही. रस्त्यावर आणली की पोलीस उचलून नेणार. मैदानात पळायचं आणि टेम्पोत बसून घरी यायचं, एवढाच त्यांचा संसार. एक कोल्हापूरच्या एका कारागिरानं हातानं बनवलेली. तशा त्यानं सगळ्या मिळून पाचच केल्या होत्या. दुसरी नाशिकची, तशा नऊ. इंजिन दोन्हींना सारखंच, शंभर सीसीचं. फरक होता तो बाकीच्या घडणीत.

नाशिकची उंच, हडकुळी. सायलेन्सर सीटखालून वर काढलेला, त्यामुळं टिटवीगत दिसायची. ठिणगीची व्यवस्था जुनी, पॉइंटची. बंद पडली तर पॉलिश पेपरचा तुकडा घासावा आणि कुणीही चालू करावी. किंमत बासष्ट हजार. कोल्हापूरची बसकी, जमिनीला धरून. वजन खाली राहावं म्हणून सायलेन्सर उजव्या अंगानं इंजिनाखालून नेलेला. डावा फूटरेस्ट वर उचललेला, उजवा खाली. आणि टाकीखाली एक काळा सीलबंद डबा, सीडीआय. इंजिन किती जोरात फिरतंय ते ओळखून ठिणगी कधी टाकायची ते हा डबाच ठरवायचा. किंमत एक लाख पाच हजार.

मास्तरनं स्टेशनामागच्या मैदानात पांढऱ्या फक्कीनं गोल आखला आणि वसंताला दोन्हींवर दहा-दहा चकरा मारायला लावल्या. डावा हात आतल्या बाजूला धरून, कारण कोल्हापूरवाल्यानं तसंच बजावलं होतं आणि मातीतलं पळणं सगळीकडं तसंच असतं. वसंतानं डाव्या बुटाला लोखंडी तळ ठोकून घेतला होता. वळणावर तो पाय मातीत टेकवायचा आणि गाडी पार आडवी घालायचा. मास्तरच्या घड्याळात कोल्हापूरची दर चकरेला दोन सेकंद पुढं निघाली.

पण खरं सांगायचं तर मास्तरचा जीव सेकंदांवर नव्हता, डब्यावर होता. नाशिकची काय, ती तर कडूबासुद्धा खोलेल. तो डबा, त्याच्या सहा वायरी, कोणती कुठून येते आणि कुठं जाते, हे जालन्यात आपल्या एकट्यालाच कळतंय, ह्या नुसत्या विचारानं मास्तरची छाती फुगली होती.

"कोल्हापूरची," तो म्हणाला. "त्रेचाळीस हजार जास्ती जातेत, पर डोळे झाकून घ्या."

धावड्याहून द्वारकाबाई आली होती. तिला रेस हा शब्दच आवडत नव्हता. ती भावाला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, मला गाडीतलं काही कळत न्हाई. तू बघितलीस ना नीट? मंग बसू देते मी पोराला."

"मी बघितलीय म्हणल्यावर झालं तर मंग," मास्तर म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. जत्रेच्या दिवशी सकाळी मास्तर पिंपळगावच्या माळावर पोचला तेव्हा रोलर फिरवून, पाणी मारून गोल तयार होता. मधोमध उंच बांबूवर देवीचं निशाण. मंडपात अप्पाराव आणि बियाणे कंपनीचे साहेब. बाभळीखाली बायकांत द्वारकाबाई. आठ गाड्या, आठ पोरं. धावडं अर्धंअधिक ट्रॅक्टरमध्ये बसून आलं होतं, वसंताचं नाव घेऊन ओरडून राह्यलं होतं. सुरू व्हायला अर्धा तास होता. गावचे वडीलधारे सर्जेराव झेंडा घेऊन पुढं आले आणि त्यांनी पोरांना जवळ बोलावलं.

"बारा चकरा," ते म्हणाले. "निशाण उजव्या हाताला ठेवून. देवीला डावी घालून कुणी पळायचं न्हाई."

पोरांनी माना डोलावल्या. त्यात सांगण्यासारखं काय होतं? मास्तरनंही मान डोलावली, दोन पावलं गाडीकडं टाकली आणि तिथंच थबकला.

मैदानातली रेस डाव्या हाताची असते हे त्याला ठाऊक होतं. देवीची प्रदक्षिणा उजव्या हाताची हे तर आईच्या कडेवर असल्यापासून ठाऊक होतं. रेस निशाणाभोवती आहे हे जत्रेच्या कागदावर छापलेलं होतं, आणि तो कागद पंधरा दिवस त्याच्याच गॅरेजच्या दाराला चिकटवलेला होता. हे सगळं एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहिलं आणि एकदाही त्यांची गाठ पडली नाही.

त्यानं वसंताला गाडीवर बसवलं, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि गाडी उजवीकडं कलती केली. हातभर कलली नाही तोच खाली सायलेन्सर मातीला टेकला. पुन्हा केली. पुन्हा टेकला. डावीकडं गाडी खुशाल आडवी होत होती. पळत्या वळणात तो पाइप मातीत रुतला की मागचं चाक वर उचलणार, गाडी पोराच्या अंगावर, आणि मागून येणाऱ्या सात गाड्या. 

तो आधी सर्जेरावांकडं गेला, चकरा डाव्या हातानं घ्या म्हणाला. सर्जेरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दुसरी सात पोरं पळतेत की उजवीकडून. तुमच्याच गाडीला काय धाड भरली?" रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही वळणं सारखी, हे खरंच होतं. मग तो अप्पारावांकडं गेला.

"एक लाख पाच हजार मी कुणाच्या सांगण्यावरून घातले?" अप्पाराव हळूच म्हणाले, शेजारच्या साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"माझ्याच. चुकलं माझं. पर पोराला उतरवा."

"कंपनीचे लोक बसलेत मास्तर. पोरगं म्हणत असंल न्हाई, तर न्हाई. विचारा त्याला."

वसंता न्हाई म्हणणार होता थोडंच. "मामा, मी गाडी उभी ठेवून वळवीन."

"उभी ठेवून पहिल्या वळणाला तू शेवटचा राहशील, आन दुसऱ्या वळणाला हे सगळं इसरशील. मी वळखतो तुला."

"सगळं धावडं आलंय. आता मागं सरलो तर जन्मभर नाव ठेवतील. तुम्हीच म्हणले होते ना, डोळे झाकून घ्या म्हणून? मी बसणार."

मास्तरनं बाभळीकडं पाहिलं. द्वारकाबाईनं त्याला बघून मान डोलावली. चेहऱ्यावर काळजीचं नाव नाही, भावानं गाडी बघितली होती ना. तिला जाऊन सांगावं, तर ती रडत मैदानात येणार आणि हा पोरगा हट्टाला पेटून आणखी जोरात मारणार. मास्तरला त्या घडीला स्वतःची एवढी चीड आली की आपलाच हात आपल्या थोबाडीत मारावासा वाटला.

"बरं," तो म्हणाला. "एकदा शेवटचं तपासून देतो."

तो गुडघ्यावर बसला. हात टाकीखाली गेले. डब्याचा कनेक्टर त्यानं ओढून काढला, खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि सहा पिनांपैकी एक आत ढकलून दिली. कनेक्टर परत बसवला. वरून सगळं जिथल्या तिथं, वायर जोडलेली, आणि आत एका दाण्याएवढी फट. हे करताना त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला.

सर्जेरावांनी गाड्या रेषेवर बोलावल्या. सात गाड्या धडाधडा पेटल्या. वसंतानं किक मारली. पुन्हा मारली. वीस झाल्या, तीस झाल्या. धावड्याच्या ट्रॅक्टरवरचा आवाज बसला.

"मामा, बघा की जल्दी."

मास्तरनं प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारून बघितला. ठिणगी नाही. वायरी चाचपल्या. लोक जवळ सरकले, कारण मास्तर आता बोलणार आणि गाडी पेटणार हे सगळ्यांनी जन्मभर बघितलेलं. मास्तर उठून उभा राहिला. आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडात आला आणि तो काही केल्या बाहेर पडेना.

"कळंना," तो शेवटी म्हणाला. "मला न्हाई कळत काय झालंय."

कुणीतरी हसलं. अप्पाराव मंडपातून उठून आले होते, लालबुंद. "मंग कुणाला कळतं? कडूबा कुठं गेला? कडूबाला बोलवा."

कडूबा तिथंच होता, दुसऱ्या एका पोराची गाडी घेऊन आलेला.  कडूबाला आपल्याइतकं येत नाही असं मास्तर इतकी वर्षं सांगत आला होता आणि ते खोटं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कडूबाचे हात मास्तरनंच घडवले होते. तो पिन काढणार, गाडी पेटणार, बाजारात कडूबाचं नाव होणार आणि वसंता पळणार.

कडूबा खाली बसला. प्लग बघितला, कॉइल बघितली, मग कनेक्टर काढून उजेडाकडं धरला. त्याचा अंगठा एका जागी थांबला. त्यानं मान वर करून मास्तरकडं पाहिलं, बोलणं तुटल्यापासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.  कडूबाची नजर खाली सायलेन्सरवर गेली, तिथं ओली माती आणि ताजा ओरखडा होता. तिथून ती मैदानाच्या मधोमध निशाणावर गेली, आणि मग वसंताच्या उजव्या पायावर आली. सगळे वाट बघून राह्यले होते. 

कडूबानं कनेक्टर जागेवर बसवला आणि हात पुसत उठला.

"डबा गेला," तो म्हणाला. "कोल्हापूरला पाठवावा लागंल. इथं कुणाच्या बापाला व्हायचा न्हाई."

अप्पाराव मंडपाकडं वळले. वसंतानं हेल्मेट काढून मातीत टाकलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि बावीस वर्षांच्या पोराला चारचौघांत रडू येतं ह्याचाही त्याला राग आला होता.

"नाशिकची असती तर मीच चालू केली असती," तो म्हणाला. "लय गाड्या कळतात म्हणे मामाला."

"हो रं," मास्तर म्हणाला. "नाशिकचीच घ्यायला पायजे होती. मी चुकीची सांगितली."

वसंतानं ते ऐकून घेतलं की नाही कुणास ठाऊक. सर्जेरावांचा झेंडा खाली आला, सात गाड्या धुरळा उडवत सुटल्या आणि लोक मास्तरला विसरून दोरीकडं धावले. गाडीजवळ दोघंच राहिले.

"उद्या जालन्यात बोंब होईल," कडूबा म्हणाला. "मास्तरला डबा कळला न्हाई म्हणून."

"होऊ दे."

"मलाबी कळला न्हाई, हेबी होईल."

"तू कशाला तुझं नाव घालवलंस?"

कडूबा पळत्या गाड्यांकडं बघत राहिला. "सुट्टीत गॅरेजवर यायचा तेव्हा त्याला सायकल मी शिकवली होती," तो म्हणाला. "तुम्हाला कुठं टाइम होता."

 कडूबाच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून मास्तरनं तो उचलला आणि ऑइलनं काळा झालेला बघून परत खाली घेतला. तिकडं वसंता बाभळीकडं, आपल्या आईकडं चालला होता. मागं वळून बघत नव्हता, रागानं दोन्ही पाय दणादणा आपटत होता, आणि मास्तर त्या पायांकडं बघत उभा होता.