कंसात अमेरिका

आमच्या मालकांना एक खोड हाय. गावात कुणाचं काय बी चांगलं झालं की फ्लेक्स लावल्याबिगर त्यास्नी अन्न गोड लागत न्हाई. कुणाचं पोरगं पोलिसात लागलं, लाव फ्लेक्स. कुणाच्या बैलानं शर्यत मारली, लाव फ्लेक्स. बैलाचा फोटो एवढुसा आणि शेजारी आमच्या मालकांचा, म्हंजे नानासोंचा फोटो ह्यो मोठा, गॉगल लावून, हात जोडून. पंचायत समितीला उभं राहायचं हाय म्हणं! घरातलं मत पडंल का न्हाई त्येचा पत्ता न्हाई. मी हे त्यांच्या तोंडावर सांगते, मागनं न्हाई.

पल्लवी म्हंजे थोरल्या दिरांची, आप्पासोंची लेक. ती रांगती असतानाच तिची आई वारली. आप्पा वर्षातलं निम्म्याच्या वर दिवस मेंढरं घिऊन फलटणच्या अंगाला. तिकडच्या बागायतदारांच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायची, चार दिवस राहायचं, पुढच्या रानात जायचं. मग पोरगी वाढली माझ्या पदराखाली. माझीच म्हणा. ती लहान असताना एका सालात रोग आला आणि आप्पांचा निम्मा कळप डोळ्यांदेखत मेला. तवापासनं पोरीच्या डोक्यात एकच. जनावरांची डॉक्टर झाली, आणि मेंढरांच्या त्याच रोगावर पुढं शिकायला तिला अमेरिकेला जायचं हुतं. रात न् दिवस परीक्षा, फॉर्म, मास्तरांच्या शिफारशी. मी नुसता च्या करून करून दमले.

उन्हाळ्याच्या तोंडाला निकाल यायला लागलं. पहिलं तीन नकार. चौथं लय मोठं, जगात नाव असलेलं विद्यापीठ, तिथं वेटिंग. म्हणलं, वेटिंग म्हंजे काय गं? तर म्हणाली, "काकी, पंगत भरली. आता ताटावरनं कोण उठलं तर आपल्याला बसवणार. न्हाई उठलं तर उपाशी माघारी." मग पाचवं आलं. लहान विद्यापीठ, बर्फाच्या मुलखातलं. तिथल्या मास्तरानं तिच्याशी मोबाईलवर समोरासमोर बोलून घेतलं आणि म्हणाला, माझ्या हाताखाली एक जागा हाय. फी माफ, वर म्हयन्याला पगार. आठवड्याभरात कागद पाठवतो.

पोरीनं फोन ठिवला आणि मला उचलून गरागरा फिरवलं. माझं वजन बघा आणि तिचं बघा! मला हसू आवरंना.

"काकी, त्या मोठ्याची फी आपला सगळा कळप इकला तरी भागायची न्हाई," म्हणाली. "वेटिंगमधनं नाव निघालं तरी पगाराचं वेटिंग परत निराळं. मला हे लहानच पायजे. पण कागद हातात येस्तवर कुणाला बोलू नगंस."

मी कुणाला बोलले न्हाई. पण बापाला न सांगून कसं चालंल? तिनं आप्पांना फोनवर सांगितलं आणि आप्पांनी भावाला. मालकांनी पोरीला इचारलं, दोनातलं मोठं कुठलं? तिनं सरळ मनानं नाव सांगितलं, आणि तिथं वेटिंग हाय, त्येबी सांगितलं. ह्यांनी ऐकलं सगळं, धरलं निम्मं.

तिसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स! पल्लवीचा कॉलेजातला फोटो, मागं विमान, त्या मोठ्या विद्यापीठाचं नाव लाल अक्षरात, 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि शुभेच्छुक म्हणून आमचं ध्यान.

पल्लवी पळत घरी आली. "नाना, उतरवा त्यो. माझी निवड झाली न्हाई, मी वेटिंगवर हाय!"

"अगं, वेटिंग म्हंजे झालंच की. रेल्वेत न्हाई का, वेटिंगवाला बी आत घुसतोच."

"नाना, पाया पडते तुमच्या."

"आज उतरवला तर लोक काय म्हणतील? सांजच्याला सत्कार ठिवलाय. हलगीवाल्यास्नी सुपारी दिलीया."

सत्कार झाला. पोरीच्या डोक्यावर फेटा, गळ्यात हार, तोंडावर मेल्याची कळा. आप्पा फलटणहून दोन गाड्या बदलून आलं. फ्लेक्सपुढं किती तरी वेळ उभं राहिलं. अक्षर वाचता येत न्हाई त्यास्नी, तरी खालीवर बघत हुतं. मग धोतराच्या सोग्यानं डोळं पुसलं आणि मला म्हणालं, "मंगल, हिची आई असायला पायजे हुती गं." पल्लवी त्यांच्या शेजारीच हुती. तिच्यानं बापाला सांगवलं न्हाई.

आता पुढचं ऐका. त्या लहान विद्यापीठात, त्याच मास्तराच्या हाताखाली आपल्या सांगलीचा एक पोरगा हुता, ऋषिराज. पल्लवीच्या कॉलेजातला, तिच्याआधी तिकडं गेलेला. सत्काराचं फोटो गावाच्या ग्रुपवरनं कॉलेजाच्या ग्रुपवर, आणि तिथनं त्याच्या मोबाईलवर. पोरगं बिचारं खूश झालं. त्यानं मास्तराला दावलं, आमच्या पल्लवीचं मोठ्या ठिकाणी झालं, बघा तिच्या गावानं केवढा मोठा बोर्ड लावलाय. मास्तराला वाटलं, ही आता आपल्याकडं कशाला येती! त्याला त्याच दिवशी कागदावर एक नाव घालायचं हुतं. त्यानं यादीतल्या तिच्या खालच्याचं घातलं. तिकडच्या लोकांना काय माहीत, आपल्यात फ्लेक्स आधी लागतो आणि काम मागनं हुतं म्हणून?

मेल आला तवा पल्लवी चुलीपाशी बसली हुती. मला मराठीत करून सांगितला. तुमच्या गावानं केलेला गौरव बघून आनंद झाला, माझ्याकडची जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. तिनं तिथल्या तिथं उलट लिहिलं, फोन लावला, रडली. मास्तर बी हळहळला म्हणं. पण दुसऱ्याच्या हातात दिलेला कागद हिसकून कसा घ्यायचा? प्रवेश हाय, पण पैसा न्हाई, पुढच्या वर्षी परत अर्ज करा, बोलला. ऋषिराजचा फोन आला, त्यो हिच्यापेक्षा जास्त रडत हुता. आणि मोठ्या विद्यापीठाची मुदत संपली तशी तिथनं बी दोन ओळी आल्या. यंदा पंगतीतनं कुणी उठलं न्हाई.

मी त्या दिवशी मालकांना जेवाय वाढलं न्हाई. ताट उलटं घालून ठिवलं त्यांच्यापुढं. "पोरीच्या तोंडातला घास काढलासा," म्हणलं. ते खाली मान घालून बसलं. मला वाटलं, आता तरी अक्कल आली. कुठली! दुसऱ्या दिवशी म्हणत्यात, "गावात कळलं तर लोक त्वांडात शेण घालतील. पोरीच्या बापाला तर मुळीच सांगू नगा, त्यो झुरून मरंल. पोरीनं वरीसभर सांगलीला राहावं, परत फॉर्म भरावा. पुढच्या साली खरंच जाईल, मग खोटं कुठं राहिलं?"

मी भांडायला उभी राहिले. पण पल्लवीच म्हणाली, "काकी, आप्पांना मी न्हाई सांगू शकत. एका वर्षाचा तर प्रश्न हाय."

श्रावणात हलगी लावून पोरीला गाडीत बसवली. बायकांनी ओवाळलं, कुणी चिवडा दिला, कुणी लोणचं. गाडी पुण्याला विमानतळाकडं जायची, ती कडेगावातनं वळली आणि सांगलीला गेली. तिथं तिची मैत्रीण ब्राह्मी, जैनांची पोरगी. तिच्या वडलांचं हळदीचं गोदाम, त्याच्यावर एक खोली. पोरगी काय गुणाची! भाड्याचं नाव काढलं न्हाई तिनं. पल्लवी जवळच एका जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागली. गावातलं कुणी ना कुणी सांगलीच्या बाजारात भेटायचंच, म्हणून तोंडाला सदा स्कार्फ गुंडाळलेला, नुसतं डोळं उघडं.

आप्पा दर ऐतवारी दुपारी फोन करायचं. बागायतदाराचा पोरगा त्यास्नी मोबाईल लावून द्यायचा, चेहरा दिसायचा तसला. मी एकदा सांगलीला गेलेली असताना फोन आला. भर दुपार, बाहेर हमालांचा आरडाओरडा. पल्लवी उठली, खिडकी लावली, पडदा ओढला, ट्यूब लावली, अंगावर शाल घेतली आणि मग फोन उचलला. तिकडनं आप्पा उन्हात उभं, मागं मेंढरं. "पोरी, तिकडं रात झाली न्हवं? जास्त बोलत न्हाई, झोप. थंडी हाय का लय?" ही म्हणाली, "हाय आप्पा, बर्फ पडतोय." फोन ठिवला आणि शाल तोंडावर वढून घेतली. मला त्या हळदीच्या वासात गुदमरल्यागत झालं.

मार्गशीर्षात आप्पा रानातच छातीला हात लावून पडलं. मेंढक्यांनी उचलून गाडीत घातलं. मालकांच्या वळखीचा डॉक्टर सांगलीत, म्हणून सांगलीला आणलं. पल्लवीच्या खोलीपासनं दवाखाना चालत जाण्यासारखा. डॉक्टरनं मला बाजूला घिऊन सांगितलं, काळीज लय थकलंय, काय सांगता येत न्हाई.

आणि आप्पांनी डोळं उघडून पहिली गोष्ट काय बोलावी? "पल्लवीला कळवू नगा. पळत यील, शिक्षण बुडंल."

पोरगी तवा दाराबाहेर हुती. स्कार्फ बांधून, दुसऱ्या पेशंटची नातेवाईक असल्यागत बाकावर बसलेली. दोन दिवस तशीच. नर्स आत-बाहेर करायची तवा दार उघडायचं, तेवढ्या फटीतनं बापाकडं बघायची. मालक म्हणायचं, थांब जरा, बरं वाटू दे, मग बघू. तिसऱ्या दिवशी माझं टाळकं सटकलं. मालकांना म्हणलं, "गप बसा! तुमचा फ्लेक्स चुलीत घाला!" आणि पोरीचा हात धरला. "सोड त्यो स्कार्फ. बाप हाय तुझा. चल आत."

ती आत गेली. खाटेजवळ उभी राहिली. "आप्पा," म्हणाली.

मला वाटलं, लेकीला बघून त्यांचा चेहरा फुलंल. त्यांचा चेहरा पडला. असा पडला की मी आयुष्यात विसरायची न्हाई.

"आलीस? माझ्यापायी आलीस व्हय? कुणी सांगितलं हिला? मंगल, तू सांगितलंस?"

"आप्पा, मी गेलेच न्हाई," पल्लवी त्यांचं हात धरून बोलली. "माझं झालंच न्हाई कुठं. मी हितंच हुते, सांगलीत. तुमच्याशी खोटं बोलले."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. मला म्हणालं, "बघ, मला वाईट वाटू नये म्हणून कशी बनवतीया. बर्फात राहून आली पोरगी, वाळून गेली. फ्लेक्स मी डोळ्यांनी बघितलाय की गं. एवढी अक्षरं खोटी असत्यात व्हय?"

"खोटी हायत आप्पा," मी रडत म्हणलं. "तुमच्या भावाला इचारा."

मालक दारात हुतं. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्यास्नी माफ करायची न्हाई, मेल्यावर बी न्हाई.

आप्पांनी उशाखालनं बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढली. बोटानं भंडारा लेकीच्या कपाळाला लावला. "आजच्या आज माघारी जा. मेंढरासाठी गेलीस न्हवं? ते अर्धं सोडायचं न्हाई. जाते म्हण. देवाचा भंडारा हाय कपाळाला, जाते म्हण."

"जाते, आप्पा," ती म्हणाली.

मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. म्हणत राहिलं, माझ्यामुळं पोरीचं नुकसान झालं, माझ्यामुळं झालं. पहाटे गेलं.

गावात मालक सगळ्यांना सांगत सुटलं, बापासाठी पोरगी विमानानं आली. बायका पल्लवीच्या गळ्यात पडून रडायच्या आणि इचारायच्या, कवा निघालीस, किती तास लागलं? ती म्हणायची, "परवा निघाले." दहाव्याच्या आधी स्टँडवर दुसरा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. आप्पांचा पटक्यातला फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं. पल्लवीच्या नावापुढं कंसात अमेरिका.

मी घरातनं विळा घिऊन निघाले. म्हणलं, आज ह्या फ्लेक्सच्या चिंध्या करते, लोक काय बघायचं ते बघू देत. दोरी हातात धरली तवा मागनं पल्लवी आली.

"राहू दे काकी. आप्पा ह्येच खरं धरून गेलं."

"आणि तू? तू काय धरून जगायचं?"

तिनं माझ्या हातातला विळा काढून घेतला आणि मला घरी आणलं. उन्हानं त्यो फ्लेक्स आता फिक्का पडलाय, आप्पांचं डोळं दिसत न्हाईत, पण कंसातली अमेरिका अजून वाचता येती.

यंदा तिनं परत फॉर्म भरलं. सुतकातच बसून भरलं. नकार आलं, त्या लहान विद्यापीठाचंच उत्तर राहिलं हुतं. परवा फोन आला तिचा सांगलीतनं. म्हणाली, "काकी, वेटिंग." मी बरं म्हणलं आणि फोन ठिवला. मालक सोप्यातनं इचारत हुतं, कुणाचा फोन? म्हणलं, राँग नंबर.